पोटातली गोष्ट पोटात ठेवू नका



एखाद्याचा अपराध पोटात घालावा, एखादीचे गुपित पोटात ठेवावे, अशी आपल्या थोरामोठ्यांची शिकवण आहे. ती शिकवण चांगली आहे आणि आपल्या घरांतील पुष्कळशी शांतता तिच्यावरच उभी आहे. परंतु काही गोष्टी अशाही असतात की, त्या पोटात ठेवल्या तर पोटातल्या जिवावर बेततात. ह्या आठवड्यात माजघरात बसून मी तुम्हांला अशीच एक गोष्ट सांगणार आहे. ती सांगताना मला स्वतःची एक चूकही कबूल करावी लागणार आहे. पण जी चूक सांगितल्याने दुसऱ्या घरची लेक वाचू शकेल, ती झाकून ठेवण्यात काय अर्थ?

माझ्या बहिणीची लेक इंदूरला दिलेली आहे. छत्रीबागेत तिचे सासर. होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या छत्र्यांवरून त्या भागाला हे नाव पडले. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी माणसांची वस्ती असल्यामुळे आपल्या खेड्यातून गेलेल्या मुलीला तेथे अगदीच परके वाटत नाही. शेजारीण दारातून मराठीत हाक मारते. भाजीवाल्याशी मात्र हिंदीत घासाघीस करावी लागते, एवढाच काय तो फरक.

ही आमची पोर लहानपणापासून अंगाने स्थूल. सत्ताविसाव्या वर्षी तिचे वजन ११८ किलो झाले होते. रक्तातील साखर वाढू लागली होती, जिना चढताना धाप लागे, आणि मासिक पाळी चार-चार महिने येत नसे. खाणे कमी करून पाहिले, चालून पाहिले, उपासतापास झाले. चार किलो उतरत आणि सहा चढत. त्यातच तीन स्थळे येऊन परत गेली. "मुलगी गुणी आहे हो, पण..." ह्या 'पण'च्या पुढचे कोणी बोलत नसे, ते सर्वांना ऐकू मात्र येई. शेवटी एका मोठ्या शहरातील शल्यविशारदांनी तिला तपासले आणि वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया सुचवली. ती शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. दीड वर्षात ११८ चे ७४ किलो झाले, साखर ताळ्यावर आली, पाळी नियमित झाली, आणि वर्षभरात इंदूरचे स्थळही जुळले.

लग्न ठरले तेव्हा माझ्या बहिणीने मला एकीकडे बोलावून सांगितले, "आता ते जुने कोणापाशी काढू नकोस. उगाच त्यांच्या मनात किंतु नको." मी मान डोलावली. पोटावरचे पाच-सहा बारीक व्रण कशाचे, असे नवऱ्याने विचारले तर 'अपेंडिक्सचे' म्हणून सांगायचे, असेही त्या वेळी ठरले. भगिनींनो, ते मौन बहिणीचे होते तितकेच माझेही होते.

पुढचे सांगण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेऊ. तिचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी ठेवतात. हिला 'स्लीव्ह' म्हणतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाशी लहान अंड्याएवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे मधूनच कापून त्या पिशवीला जोडतात. त्यामुळे अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. ह्या आडवाटेमुळेच तिला 'बायपास' म्हणतात. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन ह्यांनी लठ्ठपणासाठी ही बायपास शस्त्रक्रिया प्रथम केली. व्रणाच्या विकारासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढलेला असे, असे रोगी पुढे कृश राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यातूनच ही कल्पना निघाली. आज मुंबई, पुणे, इंदूर अशा शहरांत ती दुर्बिणीतून, लहान छिद्रे पाडून होते.

"आपल्या खेड्यात कशाला लागते ही माहिती?" असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. भगिनींनो, आपल्या लेकी आता खेड्यातच राहत नाहीत. कोणी मुंबईच्या रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी पुण्याला कचेरीत, कोणी आखातात. शस्त्रक्रिया शहरात होते. पण पहिले बाळंतपण आपल्या रीतीप्रमाणे माहेरी होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंना आणि आशाताईंना त्या शस्त्रक्रियेचा पत्ता नसतो. ज्यांना पत्ता असतो ते आपण, आणि आपण गप्प असतो.

आता एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट करते, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. अशी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला मूल होऊ नये, असे मुळीच नाही. उलट अतिलठ्ठपणामुळे ज्यांची पाळी चुकत असे, अशा कित्येकींना वजन उतरल्यावर दिवस जातात. स्वीडनमधील वैद्यांनी अशा ५९६ गरोदरपणांची तुलना, शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांची स्थूलता तेवढीच असती अशा इतर स्त्रियांच्या गरोदरपणांशी केली आणि ती २०१५ साली प्रसिद्ध केली. गरोदरपणातील मधुमेह शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरांत सुमारे २ जणींना झाला; इतरांत सुमारे ७ जणींना. अवाजवी मोठी बाळे शस्त्रक्रिया झालेल्यांत शंभरी ९ च्या आत निघाली; इतरांत २२ वर. जन्मजात व्यंगे वाढलेली आढळली नाहीत. हा लाभाचा पलडा झाला. दुसऱ्या पलड्यात असे की, वाढ कमी झालेली लहान बाळे शस्त्रक्रिया झालेल्या मातांना शंभरी सुमारे १६ झाली, इतरांना ८ च्या आत. म्हणजे मातेचे ओझे उतरले, तरी बाळाच्या शिदोरीवर लक्ष ठेवावे लागते.

म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर निदान बारा ते अठरा महिने दिवस जाऊ देऊ नयेत, असे वैद्य सांगतात. त्या काळात वजन झपाट्याने उतरत असते; आईचे शरीर स्वतःच उपाशी असते, ते बाळाला काय देणार? परंतु ह्याच महिन्यांत पाळी पूर्ववत होऊन अनपेक्षितपणे दिवस राहण्याचा संभव अधिक. नैसर्गिक पद्धतीने कुटुंबनियमन करणाऱ्या आपल्या दांपत्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, ह्या दिवसांत पाळीचा क्रम बदलत असतो. जुन्या हिशेबावर विसंबून चालत नाही. जाणत्या मार्गदर्शकाकडून शरीराची लक्षणे नव्याने ओळखायला शिकावे लागते. बायपास झालेल्या स्त्रीच्या शरीरात तोंडाने घ्यायच्या गोळ्याही नीट शोषल्या जात नाहीत, असेही वैद्य बजावतात. आणि इतके करूनही लवकर दिवस गेलेच, तर घाबरून भलता विचार मनात आणू नये. लवकर राहिलेली कित्येक गरोदरपणे सुखरूप पार पडतात. अशा वेळी देखरेख अधिक ठेवायची, इतकेच.

आता पुन्हा छत्रीबागेकडे वळू.

गेल्या पावसाळ्यात भाचीला सातवा महिना लागला आणि डोहाळजेवणासाठी मी इंदूरला गेले. इंदुरात सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खाण्याची पद्धत आहे. विहीणबाईंनी मोठ्या कौतुकाने ताजी जिलबी आणवली. भाचीने नको म्हटले. विहीणबाई म्हणाल्या, "स्वतःसाठी नको तर नको, पण पोटातल्या जिवाचे तरी डोहाळे पुरव, सूनबाई." तिने मुकाट्याने दोन जिलब्या खाल्ल्या. अर्ध्या तासात तिला दरदरून घाम सुटला, छातीत धडधडू लागले, आणि ती भिंतीला टेकून बसली. मला कारण ठाऊक होते. जठराची पिशवी लहान झाल्यावर गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो आणि शरीर असे हबकते. मला ठाऊक होते, आणि मी म्हणाले, "उकाडा फार आहे."

त्याच रात्री तिच्या पोटात दुखू लागले. दुखणे ओटीपोटात नव्हते. वर, बरगड्यांच्या खाली, आणि ते पाठीत जात होते. जवळच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी रीतीप्रमाणे विचारले, "पूर्वी काही ऑपरेशन?" भाचीने सासूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि उत्तर दिले, "अपेंडिक्सचे." डॉक्टरांनी बाळाचे ठोके पाहिले, ते ठीक होते. कळा नव्हत्या. सातव्या महिन्यात छातीत जळजळते, पित्त होते, असे म्हणून त्यांनी औषध दिले. त्यांचा ह्यात काय दोष? त्यांच्या हाती आम्ही चुकीची किल्ली दिली होती.

दुसऱ्या दिवशी जरा बरे वाटले. संध्याकाळी चार घास खाल्ल्यावर दुखणे पुन्हा उसळले आणि वांत्या सुरू झाल्या. रात्री अकराच्या सुमारास ती माझा हात धरून हळूच म्हणाली, "मावशी, हे पित्ताचे नाही गं." तिच्या डोळ्यांतली भीती पाहिली आणि माझ्याने राहवेना. मी बाहेरच्या खोलीत गेले. जावई आणि विहीणबाई दोघेही जागेच होते. मी सर्व सांगितले. जावई काही बोलले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. विहीणबाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी गाडी बोलवा. रागवायचे ते मी मागाहून रागवेन." भगिनींनो, त्या माउलीचे हे शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

शहरातील एका मोठ्या रुग्णालयात 'बायपास' हा शब्द उच्चारताच सगळी पावले बदलली. प्रसूतितज्ज्ञ बाईंनी लगेच शल्यविशारदांना बोलावले. तपासणी झाली आणि पहाटेपूर्वी दुर्बिणीतून शस्त्रक्रियाही झाली. आतड्याचा एक वेढा आतल्या फटीत शिरून पिळला गेला होता. तो सोडवला आणि फट टाके घालून बंद केली. आतडे निळसर पडले होते, पण पीळ सुटताच त्याला रंग आला. शल्यविशारद आम्हांला म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर आतड्याचा भाग कापावा लागला असता. आणि तेवढ्यावर निभावले असते, असेही सांगवत नाही."

असे का होते, हे आता सांगते. बायपास करताना आतड्याची जागा बदलतात, तेव्हा त्याच्या पडद्यांमध्ये फटी राहतात. शल्यविशारद बहुधा त्या शिवून टाकतात. परंतु पुढे वजन उतरले की पडद्यांतली चरबी वितळते आणि शिवलेली फटदेखील सैल होऊ शकते. एरवीही ह्या फटीत आतडे शिरण्याचा धोका असतोच. पण गरोदरपणात वाढते गर्भाशय आतड्यांना वर ढकलते आणि तो धोका वाढतो. हे बहुधा चौथ्या महिन्यानंतर, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत घडते. वेढा पिळला की त्याचा रक्तपुरवठा थांबतो, आणि मग वेळ तासांत मोजावी लागते.

ह्यातली फसवणूक अशी की, आरंभी काहीच दिसत नाही. रक्ताची तपासणी ठीक येऊ शकते. बाळाचे ठोके उत्तम असतात. पोट हाताला मऊ लागते. सोनोग्राफीत हा पीळ सहसा ओळखता येत नाही, त्यासाठी सी.टी. किंवा एम.आर.आय. लागते, आणि कधी कधी त्यांतही न दिसल्यास दुर्बिणीने आत पाहावे लागते. सी.टी.च्या किरणांची आपल्या बायांना फार भीती वाटते. परंतु पोटाच्या एका तपासणीतील किरणांचे प्रमाण गर्भाला अपाय ठरणाऱ्या ज्ञात मर्यादेच्या सहसा खालीच असते, आणि आईच गेली तर बाळ कोठून वाचणार? अमेरिकेतील डॉक्टरांनी २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ह्या नामांकित नियतकालिकात अशाच एका गरोदर स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. बायपासनंतर तिचे आतडे असेच आतल्या फटीत अडकले होते. त्यात ती आणि तिचे बाळ, दोघेही दगावली. जगातल्या पुढारलेल्या देशात जे घडले, ते आपल्या तालुक्याच्या गावी घडणार नाही असे कोणी म्हणावे?

स्लीव्ह शस्त्रक्रियेत आतड्याची वाट बदललेली नसते, म्हणून हा विशिष्ट धोका तीत नसतो. परंतु पुढच्या चार गोष्टी दोन्ही प्रकारांत जपाव्या लागतात.

पहिली वांत्यांची. गरोदरपणात थोड्याफार वांत्या होतातच. पण शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला दिवसेंदिवस वांत्या होत राहिल्या तर शरीरातील थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, झपाट्याने संपते. आपल्याकडे अशा वेळी "एक बाटली लावा" म्हणण्याची सवय आहे. ह्या बाटलीत साखरेचे पाणी असले आणि ते ब-१ देण्यापूर्वी लावले, तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे तिरळे होणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात भ्रम होणे, ही त्याची चिन्हे. यास्तव बाटली लावणाऱ्याला शस्त्रक्रियेची माहिती आधी द्या, म्हणजे ते थायमिन आधी देतील.

दुसरी गोष्ट मधुमेहाच्या तपासणीची. आपल्या आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून साखर मोजतात. बायपास झालेल्या स्त्रीला ते पाणी जिलबीसारखेच बाधते आणि साखरेचा आकडाही फसवा येऊ शकतो. तिच्यासाठी दुसरा मार्ग आहे: सहाव्या महिन्याच्या सुमारास आठवडाभर, जेवणापूर्वी व जेवणानंतर, बोटाच्या थेंबावरून साखर पाहायची. डॉक्टरांना कळले, तरच ते हा मार्ग सुचवतील.

तिसरी गोष्ट पोषणाची. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या रोजच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. ती गोळी चांगली आहे आणि घ्यावीच. परंतु ज्या भागात लोह शोषले जाते तोच भाग बायपासमध्ये टाळलेला असल्यामुळे ती एकटी पुरी पडेलच असे नाही. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ह्यांची रक्तातून दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी. गरज पडल्यास ब-१२ टोचून आणि लोह शिरेतून देतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर मुळीच नको. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत. अतिरेक झाल्यास त्या गर्भाला बाधतात. जेवण थोडे-थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा असावे, आणि ताटात आधी अंडे, डाळ, उसळ, मासळी, दही ह्यांना जागा द्यावी. 'दोन जिवांची आहेस, दोघांचे जेव' हा आग्रह अशा सुनेला करू नये. तिच्या पिशवीत दोघांचे मावतच नाही. बाळाची वाढ शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफीने पुन्हा पुन्हा पाहावी.

चौथी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. अंग दुखले की कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणून घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्यांतल्या पुष्कळशा गोळ्यांनी आतड्याच्या जोडावर व्रण पडतो. गरोदरपणात तर त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नयेत.

बाळंतपणाविषयी एक दिलासा देते. केवळ ही शस्त्रक्रिया झाली म्हणून पोट फाडूनच प्रसूती करावी लागते, असे नाही. पुष्कळजणी नैसर्गिक रीतीने बाळंत होतात. बाळाला अंगावर पाजण्यासही आडकाठी नाही. मात्र पाजतानाही आईने आपल्या गोळ्या व ब-१२ सोडू नये, नाहीतर दुधातून बाळालाही उणीव पडते. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू प्रेमाने करा. पण सबंध लाडू एकदम न देता चतकोर द्या, आणि गूळ-साखर बेताने घाला.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या कोणा लेकीची वा सुनेची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तिने पहिल्याच भेटीत ते सांगावे. माता व बाल संरक्षण कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव व वर्ष ठळक अक्षरांत लिहून घ्यावे. शस्त्रक्रियेचे मूळ कागद माहेरी येताना बरोबर आणावेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'ची मोफत तपासणी असते. २०१६ सालापासून ती चालू आहे. तेथे डॉक्टरांना हे सांगून, पुढील देखरेख शल्यविशारद असलेल्या मोठ्या रुग्णालयात ठेवण्याविषयी विचारावे. आणि पोटाच्या वरच्या भागात दुखले, खाल्ल्यावर वाढले, पाठीत गेले किंवा सोबत वांत्या झाल्या, तर ओवा-सोडा देत बसू नका. १०८ ला दूरध्वनी करा, आणि गाडीत बसण्यापूर्वीच शस्त्रक्रियेचे नाव उच्चारा.

पण भगिनींनो, ती सांगत का नाही, ह्याचाही विचार आपणच करायला हवा. तिच्या तोंडाला कुलूप कोणी घातले? जाड मुलगी पाहून 'पण' म्हणणारे आपणच. वजन उतरल्यावर "कशाने उतरले गं?" म्हणून कुजबुजणारेही आपणच. मधुमेहासाठी गोळी घेणाऱ्याला आपण हसत नाही, मोतीबिंदू काढणाऱ्याला हसत नाही. मग आजारासाठी पोटाची शस्त्रक्रिया केलेल्या पोरीला लाज का वाटावी? लग्नाची बोलणी होतात तेव्हा मुलामुलींनी आपल्या प्रकृतीच्या गोष्टी एकमेकांना सांगाव्यात. लग्नापूर्वीच्या शिकवणीत आपले धर्मगुरूही हेच सांगतात. जे नाते वेदीपुढे सत्याच्या शब्दावर बांधले जाते, त्याच्या पायात पहिल्याच दिवशी लपवाछपवीचा दगड बसवू नये. आणि ज्यांची लग्ने होऊन गेली, त्यांनी आजही सांगावे. उशीर झाला म्हणून सत्य शिळे होत नाही.

इंदूरहून परतण्यापूर्वी मी विहीणबाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "राग आहे, नाही कसे म्हणू? पण तुम्ही तोंड उघडले म्हणून आज माझे घर भरलेले आहे." जावई आठ दिवस गप्पगप्प होते. नवव्या दिवशी त्यांनी बायकोच्या गोळ्यांचे वेळापत्रक स्वतःच्या हाताने लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवले. तेव्हा मी ओळखले की घडी बसली.

सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन २ किलो ४०० ग्रॅम. अंगाने बारीक, पण आवाजाने खणखणीत. बाप्तिस्म्याला मी पुन्हा छत्रीबागेत गेले, तेव्हा विहीणबाईंनी आपल्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून मला दाखवला. त्यावर सुनेच्या शस्त्रक्रियेचे नाव, साल आणि शल्यविशारदांचा दूरध्वनी लिहिलेला होता. "आता जिथे जाईन तिथे हा बरोबर असतो," त्या म्हणाल्या. जिलबीची बशीही समोर होती. त्यांनी एका जिलबीचा नखाएवढा तुकडा मोडला, सुनेच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "एवढीच हं. बाकीची आम्ही दोघी विहिणी खातो."

भगिनींनो, तुमच्याही घरात अशी एखादी झाकलेली गोष्ट असेल, तर आजच दिवेलागणीच्या प्रार्थनेनंतर लेकीला जवळ बसवा आणि तिला हळूच विचारा. पण रागावू नका. रागवायचे ते मागाहून रागवता येते.

तुमची,
माजघरातली मावशी